घरच्या घरी ग्रीक शोकांतिका

पंधरा दिवसांत हार्मोनियम, तीस दिवसांत इंग्रजी आणि महिन्याभरात शिवणकाम शिकवणारी पुस्तकं एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर पिढ्यान्‌पिढ्या खपत आली. शोकांतिका शिकवणारं पुस्तक मात्र तिथे कधी दिसलं नाही. ती सगळ्यांना न शिकताच जमते, असा प्रकाशकांचा समज असावा. तो चुकीचा आहे. धंदा बुडणं, भावाशी अबोला धरणं, मुलानं ऐन मुहूर्ताला लग्न मोडणं ही संकटं झाली. शोकांतिकेला बांधणी लागते, आणि बांधणी शिकावी लागते.

लागणारं साहित्य: एक जुनं राजघराणं, तीन नट (सगळे पुरुष), पंधरा जणांचा कोरस, सनईच्या जातीचं ऑलॉस हे वाद्य वाजवणारा एक वादक, मुखवटे, एक दणकट क्रेन, आणि हा सगळा खर्च सोसणारा एखादा श्रीमंत गृहस्थ. बोकड ऐच्छिक. 'ट्रॅजेडी'च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'बोकडगीत' असा होतो. बोकड बक्षीस मिळायचा म्हणून, बळी दिला जायचा म्हणून, की गाणारेच बोकडाची कातडी पांघरायचे म्हणून, यावर विद्वान अजून भांडताहेत. तुम्ही त्यात पडू नका.

आधी पाठ्यपुस्तक

ते एकच आहे. ॲरिस्टॉटलचं 'पोएटिक्स', विंदा करंदीकरांनी ते मराठीत आणलेलं आहे. जेमतेम सव्वीस छोटी प्रकरणं. लिखाण इतकं तुटक की ही वर्गात शिकवण्यासाठी काढलेली टिपणं असावीत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पहिल्या बाकावरच्या मुलाची वही ज्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री उसनी आणली आहे त्यांना हा अनुभव नवा नाही. जिथे आपल्याला खरी गरज असते नेमकं तिथे अक्षर बारीक होतं आणि वाक्य अर्ध्यावर थांबतं. विनोदी नाटकाविषयीचा दुसरा भाग तर हरवलाच, त्यामुळे वाचकाला हसवण्याची हमी आम्ही देत नाही.

आणखी एक सावधगिरी. शोकांतिका लिहिणारे सोफोक्लीस आणि युरिपिडीस हे दोघेही इ.स.पू. ४०६च्या सुमारास वारले. त्यांचा पूर्वसूरी ईस्किलस त्याआधी पन्नास वर्षं, ४५६मध्ये. ॲरिस्टॉटल जन्मला ३८४मध्ये. आचारी गेले, पंगत उठली, आणि मग एका हुशार माणसानं पत्रावळींवर उरलेल्या शितांवरून पाककृती लिहून काढली, असा हा प्रकार आहे. म्हणून कृती वाचा, पण आचाऱ्यांनी ती वाचली नव्हती हे विसरू नका.

परवाना

नाटक लिहिण्याआधी प्लेटोची परवानगी मागायची नाही. मिळणार नाही. 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात त्यानं पलंगाचं उदाहरण घेतलं आहे. खरा पलंग म्हणजे देवाकडची पलंगाची कल्पना, सुतार तिची नक्कल करतो, आणि चित्रकार सुताराच्या पलंगाची. कवी हा चित्रकाराच्या पंगतीतला, म्हणजे सत्यापासून तीन घरं लांब. शिवाय ज्या भावना सुकवून टाकायच्या त्यांनाच तो पाणी घालतो. सबब, आदर्श नगरीत त्याला जागा नाही. हाच प्लेटो तरुणपणी शोकांतिका लिहीत असे आणि सॉक्रेटिसची गाठ पडल्यावर त्यानं त्या जाळून टाकल्या, अशी जुनी दंतकथा आहे. नाटकात गेलेला मुलगा वाया गेला म्हणणाऱ्या आपल्याकडच्या काकांची वंशावळ शोधायची असेल तर इथून सुरुवात करावी.

ॲरिस्टॉटल सतराव्या वर्षी प्लेटोच्या अकादमीत आला आणि वीस वर्षं तिथे राहिला. गुरूचं नाव न घेता गुरूला उत्तर कसं द्यावं, हे त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. नक्कल करणं हा माणसाचा जन्मजात गुण आहे, मूल पहिले धडे नकलेतूनच घेतं, असं तो म्हणतो. जे प्रत्यक्षात बघवत नाही, एखादं प्रेत किंवा किळसवाणं जनावर, त्याचं हुबेहूब चित्र आपण निरखून पाहतो, कारण हे काय आहे ते ओळखण्यात आनंद असतो. परवाना मंजूर.

घराणं निवडा

निवडीला फार वाव नाही. ॲरिस्टॉटलच्या म्हणण्यानुसार उत्तम शोकांतिका थोड्याच घराण्यांवर होतात: ईडिपस, ओरेस्टीस, थायस्टीस, मेलिएजर आणि अशीच आणखी काही. थायस्टीसला सख्ख्या भावानं त्याचीच मुलं शिजवून वाढली होती, यावरून घराण्याच्या दर्जाचा अंदाज यावा. शत्रूनं शत्रूला मारलं तर कुणाला कणव येत नाही, परक्यानं परक्याला मारलं तरी नाही. भावानं भावाला, मुलानं आईला मारलं, निदान मारायला निघाला, तर नाटक उभं राहतं. भाऊबंदकी हा शब्द ज्या भाषेत आहे तिच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. आपल्या भाऊबंदकीत सातबारा असतो आणि तिथे सिंहासन, एवढाच फरक.

ताजी घटना घेऊ नका. इ.स.पू. ४९४मध्ये पर्शियन सैन्यानं मायलीटस हे ग्रीक शहर लुटलं. फ्रिनिकस या नाटककारानं त्यावर नाटक लिहिलं. सगळं प्रेक्षागृह ढसाढसा रडलं. त्यानंतर अथेन्सच्या लोकांनी त्याला एक हजार द्राख्मांचा दंड केला, घरचंच दुःख पुन्हा उकरून काढलं म्हणून, आणि ते नाटक पुन्हा कुणी करायचं नाही असा हुकूम काढला. पुढे ४७२मध्ये ईस्किलसनं 'पर्शियन्स' लिहिलं, तेही ताज्या युद्धावरच. सलामीसच्या लढाईला आठच वर्षं झाली होती. पण त्यात रडत होता तो हरलेला शत्रू. खर्च पुढे अथेन्सचा पुढारी झालेल्या तरुण पेरिक्लीसनं केला. पहिलं बक्षीस मिळालं. यातून काय शिकायचं ते तुम्ही शिकलाच असाल.

आणि नायकाचं अख्खं आयुष्य घेऊ नका. एकाच माणसाला घडलेल्या शंभर गोष्टींचं मिळून एक कथानक होत नाही, हे ॲरिस्टॉटलनं हेराक्लीसवर महाकाव्यं रचणाऱ्यांना सुनावलं आहे. आपल्याकडच्या चरित्रपटवाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आता खरं काम

शोकांतिकेची सहा अंगं: कथानक, स्वभाव, भाषा, विचार, संगीत आणि दृश्य. ॲरिस्टॉटलनं दृश्याला कलेशी सगळ्यात कमी संबंध असलेलं अंग ठरवलं, कारण नुसतं वाचूनही अंगावर काटा आला पाहिजे. पहिला मान कथानकाचा. ते शोकांतिकेचा जीव. बाकी पाचांवर तुम्ही कितीही मेहनत घेतलीत आणि हे एक फसलं, तर नटव्या नवरीला घेऊन निघालेल्या वरातीत नवरदेवच नाही, असं होतं.

कथानकाला आरंभ, मध्य आणि अंत असावा. एम.ए.च्या वर्गात हे वाक्य फळ्यावर पाहिलं तेव्हा आम्ही मागच्या बाकावर फिदीफिदी हसलो होतो. एवढं सांगायला ॲरिस्टॉटल कशाला हवा? पुढे पंधरा-वीस एकांकिका लिहून, आणि त्यातल्या साऱ्या पाडून, मग कळलं. आरंभ म्हणजे पहिलं पान नव्हे. ज्याच्या आधीचं काही सांगायची निकड नसते पण ज्याच्यामुळे पुढचं काही घडल्यावाचून राहत नाही, तो आरंभ. सगळी गोम 'यानंतर' आणि 'यामुळे' या दोन शब्दांतल्या अंतरात आहे. आमच्या एकांकिकांत सगळं यानंतर घडायचं. पाऊस यायचा, मग पाहुणे यायचे, मग कुणीतरी मरायचं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली तर त्याला कथानक म्हणत नाहीत. पण इथे एक बारीक युक्ती आहे. अर्गोस शहरात मिटीस नावाच्या माणसाचा पुतळा होता. मिटीसचा खून करणारा एकदा तो पुतळा बघत उभा असताना पुतळा त्याच्याच अंगावर कोसळला आणि तो मेला. हाही कावळा आणि फांदीच. तरीही हे निव्वळ योगायोगानं झालं असं मन मानायला तयार होत नाही, आणि म्हणून ॲरिस्टॉटलला ही गोष्ट आवडते. योगायोग वापरायचाच असेल तर असा वापरा की कावळ्यानं फांदी मुद्दाम निवडली होती अशी शंका यावी.

लांबी? दहा हजार स्टेडिया लांबीचा प्राणी सुंदर असू शकत नाही, कारण तो एका नजरेत मावत नाही, असं पुस्तकात म्हटलं आहे. हे अंतर साधारण अठराशे किलोमीटर भरतं. मुंबईहून नागपूरला जाऊन परत आलं तरी शेपटी संपायची नाही. वेळेचं म्हणाल तर शोकांतिका शक्यतो एका दिवसाच्या आत आवरते, एवढंच तो नोंदवतो. स्थळ एकच असावं असं तर तो कुठेही म्हणत नाही. ती कलमं पुढे इटलीत कास्तेल्वेत्रो या टीकाकारानं १५७०मध्ये पक्की केली आणि बिल ॲरिस्टॉटलच्या नावावर फाडलं.

आता दोन अवजारं. दोन्हींची ग्रीक नावं जिभेला वळसे देणारी आहेत, पण वस्तू आपल्या ओळखीच्या आहेत. पहिलं पेरिपेटिया, म्हणजे करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. ईडिपस थीब्जचा राजा. आपण बापाला मारू आणि आईशी लग्न करू या भविष्यवाणीनं तो धास्तावलेला आहे. कॉरिंथहून दूत येतो: तुझा बाप पॉलिबस वारला, चल, राज्य घे. ईडिपस सुटकेचा श्वास टाकतो, पण आईची भीती उरतेच. दूत भला माणूस. तीही भीती घालवावी म्हणून सांगतो, अरे, ती तुझी आई नव्हेच, तुला लहानपणी मीच आणून दिलं होतं. माणूस दिलासा द्यायला आला आणि त्याच दिलाशानं घर जाळून गेला.

दुसरं अवजार ॲनाग्नोरिसिस. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आधीच्या राजाचा खुनी शोधायला निघालेला ईडिपस साऱ्या गावाला वळसा घालतो आणि कळसा सापडतो तो स्वतःच्याच काखेत. ही ओळख पटण्याचे ॲरिस्टॉटलनं प्रकार पाडले आहेत. अंगावरची खूण, दागिना वगैरेंवरून पटलेली ओळख सगळ्यात हलकी. जत्रेत हरवलेले भाऊ दंडावरच्या गोंदणावरून गळ्यात पडतात ते सिनेमे त्याच्या हिशेबात शेवटच्या बाकावर बसतील. ईस्किलसच्या नाटकात इलेक्ट्रा भावाला केसांच्या बटेवरून आणि पावलाच्या ठशावरून ओळखते. युरिपिडीसनं तीच गोष्ट लिहिली तेव्हा त्याच्या इलेक्ट्रानं विचारलं की खडकाळ जमिनीवर ठसा उमटेल कसा, आणि भावाचं पाऊल बहिणीएवढं असेल कसं. मेलेल्या ज्येष्ठाला भर रंगमंचावर असा चिमटा काढायलाही हिंमत लागते. सर्वांत उत्तम ओळख घटनांमधूनच आपसूक पटते, आणि त्याच क्षणी सगळं उलटतं. 'ईडिपस'मध्ये दोन्ही एकत्र येतात. पु. ल. देशपांडे यांचं 'राजा ओयदिपौस' घरात असेल तर काढा आणि त्या दूताच्या प्रवेशाला पेन्सिलीनं खूण करून ठेवा.

एक कच्चा दुवाही दाखवतो. ईडिपस वर्षानुवर्षं राज्य करतोय, आधीच्या राजाच्या विधवेशी संसार करतोय, आणि तो राजा कसा मेला याची त्यानं आजवर नीट चौकशीच केलेली नाही! ॲरिस्टॉटलला हे दिसलं होतं. त्याचा सल्ला असा की न पटणारी गोष्ट घालावीच लागली तर ती नाटक सुरू होण्यापूर्वीच्या काळात टाका, पडद्याआड कुणी खोदत नाही. हा सल्ला मला आजतागायत सगळ्यात जास्त उपयोगी पडला आहे.

नेम चुकवा

नायक फार सज्जन नको. त्याचं वाटोळं बघून कणव येत नाही, चीड येते. दुष्टही नको, त्याची खोड मोडली की लोक टाळ्या वाजवून घरी जातात. मधला माणूस घ्या, बरा, मोठ्या घरचा, आणि त्याच्या हातून 'हमार्टिया' होऊ द्या. या शब्दाचं भाषांतर 'शोकात्म दोष' असं कुणीतरी केलं आणि तेव्हापासून विद्यार्थी नायकाची जन्मकुंडली मांडून दुर्गुण शोधताहेत. ईडिपस तापट होता, गर्विष्ठ होता, पाच गुणांसाठी तीन कारणं. माझ्या मते हे साफ चूक. ग्रीक तिरंदाजाचा बाण लक्ष्य सोडून गेला की हेच क्रियापद वापरत. हमार्टिया म्हणजे नेम चुकणं. बापाचा खून हातून होऊ नये म्हणून ईडिपसनं कॉरिंथ सोडलं आणि वाटेत तिवाट्यावर खऱ्या बापाशीच त्याची गाठ पडली. हेतू चांगला, नेम चुकला. दुर्गुण असता तर आपण सगळे निर्धास्त झोपलो असतो.

माणसं आणि यंत्रं

नट वाढवण्याचा मोह आवरा. एकाचे दोन ईस्किलसनं केले, दोनाचे तीन सोफोक्लीसनं. तिघं मुखवटे बदलून सगळ्या भूमिका करतात. उच्चाराकडे मात्र लक्ष द्या. इ.स.पू. ४०८मध्ये युरिपिडीसच्या 'ओरेस्टीस'मध्ये हेगेलोकस नावाच्या नटाला वादळानंतरचा शांत समुद्र दिसल्याचं सांगायचं होतं. एक हेल चुकला आणि त्याला मुंगसासारखं जनावर दिसलं. विनोदी नाटककारांनी त्याला पुढे कितीतरी वर्षं सोडलं नाही.

खून शक्यतो आतल्या खोलीत करा. बाहेर किंकाळी ऐकू येऊ द्या आणि मग दूत येऊन सविस्तर सांगू दे. प्रेतं दाखवायचीच तर त्यासाठी चाकांचा फळा असतो, तो दारातून बाहेर ढकलायचा. क्रेन देवांसाठी. गुंता सुटेना की वरून देव उतरतो आणि निवाडा करतो. युरिपिडीसची मीडिया तर पोटची मुलं मारून सूर्याच्या रथातून हवेतल्या हवेत निसटते. ॲरिस्टॉटल यावर नाराज आहे, कारण गाठ कथानकातूनच सुटायला हवी. मी या एका मुद्द्यावर युरिपिडीसच्या बाजूचा. त्या बाईला जमिनीवरून जायला वाट उरलीच कुठे होती?

विरेचन

सगळं नीट जमलं तर प्रेक्षकांच्या मनात करुणा आणि भीती उत्पन्न होऊन त्या भावनांचं 'कॅथर्सिस' होईल. मराठीत याला विरेचन म्हणतात. आमच्या पिढीला हा शब्द कळायला शब्दकोश लागला नाही, रविवारी सकाळी नाक दाबून घेतलेलं एरंडेल आठवलं. ॲरिस्टॉटल मॅसिडोनियाच्या राजवैद्याचा मुलगा होता, तेव्हा ही उपमा त्याला घरातच सापडली असेल. प्लेटोला खरं उत्तर हेच होतं: भावना साठू देण्यापेक्षा वर्षातून एकदा सार्वजनिक ठिकाणी साफ झालेल्या बऱ्या.

पण हे नेमकं होतं कसं? शोकांतिकेच्या व्याख्येत हा शब्द येतो आणि खुलासा न देता पुढे जातो. 'पॉलिटिक्स'च्या आठव्या भागात ॲरिस्टॉटल म्हणतो की कॅथर्सिसबद्दल अधिक स्पष्टपणे आपण काव्याविषयीच्या पुस्तकात बोलू. काव्याविषयीचं पुस्तक आपल्या हातात आहे. त्यात ते नाही. शतकानुशतकं ग्रंथ लिहिले गेले ते या रिकाम्या जागेवर. नवशिक्यांनी प्रेक्षकाला रडू येईपर्यंतच जबाबदारी घ्यावी.

शेवट दुःखीच हवा का? मराठी शब्दातच शोक आणि अंत चिकटून बसल्यामुळे आपल्याला तसं वाटतं. ईस्किलसची 'ओरेस्टाया' ही त्रिनाट्यी समेटानं संपते. आणि खुद्द ॲरिस्टॉटल तेराव्या प्रकरणात सुखाकडून दुःखाकडे जाणारं कथानक सर्वोत्तम ठरवतो आणि चौदाव्यात सांगतो की सगळ्यात छान म्हणजे बहीण भावाचा बळी देणार तेवढ्यात ओळख पटून अनर्थ टळावा. दोन प्रकरणांच्या मध्ये गुरुजींनी जेवून घेतलं असावं.

प्रयोग

वसंतात, डायोनायसस या मद्यदेवाच्या उत्सवात. ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावरच्या नाट्यगृहात. एका कवीनं तीन शोकांतिका द्यायच्या आणि दमलेल्या अवस्थेत वर चौथं, सॅटिर या अर्धपशू मंडळींच्या धिंगाण्याचं नाटक. तेही राहून जाऊ देऊ नका. युरिपिडीसचं 'सायक्लॉप्स' हे त्यातलं पूर्ण हाती आलेलं एकमेव. खर्चाचं म्हणाल तर अथेन्सच्या एका खटल्यात एका गृहस्थानं शोकांतिकेच्या कोरसवर तीस मिना, म्हणजे तीन हजार द्राख्मा घातल्याचं सांगितलं होतं. कुशल कारागिराची रोजची मजुरी तेव्हा द्राख्माभर होती. त्यामुळे त्या गृहस्थांशी अदबीनं वागा.

परीक्षक दहा, दहा जमातींतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले. त्यांच्या मतांतलीही पाचच मोजत, असं अभ्यासक सांगतात. निकालाचा फार विचार करू नये. इ.स.पू. ४३१मध्ये 'मीडिया' तिघांत तिसरं आलं, पहिला आला ईस्किलसचा मुलगा युफोरियन. 'ईडिपस'च्या वेळी सोफोक्लीसला हरवलं फिलोक्लीसनं, आणि तो ईस्किलसचा भाचा. फिलोक्लीसनं शंभर नाटकं लिहिली म्हणतात, आज त्यातलं एकही शिल्लक नाही. पण हार त्या दिवशी त्याच्याच गळ्यात पडला होता.

नवा आर्खोन, म्हणजे अथेन्सचा वर्षभरासाठीचा मुख्य अधिकारी, भर उन्हाळ्यात पदावर येतो आणि आल्या आल्या कोरसवाटपाच्या कामाला लागतो. कोरस कुणाला द्यायचा ते तोच ठरवतो. अर्ज वेळेत करा.